मजकूर घट्ट, काठ झिरझिरीत: ईमॅक्सच्या बॉर्डरला पारदर्शक करताना

ईमॅक्स या टेक्स्ट एडिटरमध्ये मजकुराच्या चारही बाजूंना मोकळी पट्टी सोडता येते. तिला इंटर्नल बॉर्डर म्हणतात. ती असते हेही अनेकांना ठाऊक नसतं, कारण कोणी मुद्दाम वाढवल्याशिवाय ती डोळ्यांत भरत नाही. मी ती २४ पिक्सेल ठेवतो. अक्षरं स्क्रीनच्या कडेला चिकटत नाहीत, वाचायला बरं वाटतं. आता एवढी जागा सोडलीच आहे तर तिच्यातून मागचं दिसावं, आणि किती दिसावं ते आपल्याला कमी-जास्त करता यावं, अशी माझी इच्छा होती. मजकुरामागचा भाग मात्र पूर्ण अपारदर्शकच हवा.

हा हट्ट देवनागरीपायी आहे. मी ईमॅक्समध्ये कोडपेक्षा मराठी जास्त लिहितो. २०२० साली आलेल्या २७ व्या आवृत्तीपासून अक्षरांची जुळणी हार्फबझ ही लायब्ररी करते, त्यामुळे जोडाक्षरांचं जुनं दुखणं बरंच कमी झालं. पण अनुस्वार, रफार, उकार ही बारीक कामं. पार्श्वभूमी थोडी जरी पारदर्शक केली आणि मागे वॉलपेपरवरचं एखादं झाड आलं, की रफार त्या पानांत मिसळून जातो. 'मर्म' आणि 'मम' यांत फरक कळेनासा झाला तर त्या नक्षीचा उपयोग काय?

ईमॅक्सच्या बाहेरच्या वाचकांसाठी एक खुलासा. आपण ज्याला विंडो म्हणतो तिला ईमॅक्स फ्रेम म्हणतं, आणि त्या फ्रेमचे उभे-आडवे भाग पाडले की त्या प्रत्येक भागाला विंडो. त्यामुळे बॉर्डरही दोन जागी असते: फ्रेमच्या आतल्या कडेला, आणि दोन विंडोंच्या मधे. मधल्या पट्टीला डिव्हायडर म्हणतात. मला दोन्ही हव्या होत्या.

तयार असं काय होतं ते सांगतो. 'अल्फा' नावाचं फ्रेम पॅरामीटर, म्हणजे फ्रेमची एक सेटिंग, २००९ च्या २३ व्या आवृत्तीपासून आहे. ते अख्खी फ्रेम फिकी करतं, अक्षरांसकट. त्याला एक खालची मर्यादाही घातलेली आहे, मुळात २० टक्के. नाहीतर कोणी शून्य देईल आणि मग आपली फ्रेमच शोधत बसेल. दुसरं पॅरामीटर 'अल्फा-बॅकग्राउंड', जुलै २०२३ मध्ये आलेल्या २९ व्या आवृत्तीतलं. ते अक्षरं ठळक ठेवून फक्त पार्श्वभूमी पारदर्शक करतं. लोकांनी याची बरीच वर्षं वाट पाहिली होती आणि आल्यावर त्याचं स्वागतही तसंच झालं.

पण माझ्या कामाला ते बरोबर उलटं पडत होतं. बॉर्डरला स्वतःचा रंग दिलेला नसेल तर ती पार्श्वभूमीबरोबर पारदर्शक होते. 'इंटर्नल-बॉर्डर' या फेसला (एखादा भाग कसा दिसावा या सेटिंगला ईमॅक्स फेस म्हणतं) रंग दिला, की ती ठार अपारदर्शक. म्हणजे मजकूर झिरझिरीत आणि त्याच्याभोवती रंगाची भिंत. मला नेमकं याच्या उलट पाहिजे होतं.

ईमॅक्सला हवं तसं वळवण्याची भाषा म्हणजे लिस्प. तिच्यातून काही जमतं का ते आधी पाहिलं, कारण ईमॅक्समध्ये ऐंशी टक्के हौस लिस्पमध्येच भागते. इथे भागली नाही. फेसच्या रंगात पारदर्शकतेला जागाच नाही; रंग म्हणजे लाल, हिरवा, निळा, एवढंच. बॉर्डर रंगवण्याचं काम सगळं सी भाषेत. तेव्हा सोर्स कोड उतरवून घेतला.

सोर्स सव्हाना नावाच्या सर्व्हरवर असतो. २०१४ च्या नोव्हेंबरपर्यंत तो बझार नावाच्या प्रणालीत होता, तेव्हापासून गिटमध्ये आहे. जुना सगळा इतिहास गिटमध्ये आणलेला असल्यामुळे एखाद्या ओळीचा माग काढायला लागलं तर आपल्या जन्माच्या आधीचे बदल समोर येतात. डाउनलोड मोठं आहे. नेट जेमतेम असेल तर इतिहास तोडून फक्त अलीकडचं उतरवावं. लिनक्सवर विंडो दाखवणाऱ्या दोन प्रणाली आहेत, नवी वेलँड आणि जुनी एक्स११. मी दोन वेगळ्या फोल्डरांत दोन बिल्ड केले, म्हणजे सोर्सपासून दोन ईमॅक्स तयार केले. एक वेलँडसाठी, म्हणजे 'पीजीटीके' हा पर्याय देऊन, आणि दुसरा एक्स११ साठी, ल्युसिड टूलकिटवर. पीजीटीकेचा बिल्ड एक्स११ वर चालवला तर ईमॅक्स स्वतःच इशारा देतं की हे इथे वापरू नका, म्हणून दोन. पहिल्या बिल्डला वेळ लागतो, कारण शेकडो लिस्प फाइली कंपाइल व्हायच्या असतात. नंतर सीची एक फाइल बदलली तर चहा ओतेपर्यंत होतं.

स्क्रीनवर काय दिसावं हे ठरवणारी मुख्य फाइल 'एक्सडिस्प'. ३५,००० हून जास्त ओळी. ती वाचायच्या भानगडीत पडू नका. ती ठरवते की कुठे काय यावं. प्रत्यक्ष रंग ओतण्याचं काम प्रत्येक प्लॅटफॉर्मच्या वेगळ्या फाइलीत होतं. वेलँडसाठी 'पीजीटीकेटर्म', एक्स११ साठी 'एक्सटर्म', विंडोजसाठी वेगळी, मॅकसाठी वेगळी. 'इंटर्नल-बॉर्डर' हा शब्द शोधत पीजीटीकेच्या फाइलीत पोचलो आणि तिथे उत्तर अगदी उघड्यावर पडलेलं होतं. एक छोटं फंक्शन आहे: फेस घ्या, त्याच्या रंगाने एक चौकोन भरा. रंग लावण्यापूर्वी ते एक प्रश्न विचारतं, अल्फा-बॅकग्राउंड पाळायचं का? आणि उत्तर तिथेच लिहून ठेवलेलं: 'फॉल्स'.

त्या 'फॉल्स'च्या जागी 'ट्रू' लिहिलं, मेक चालवलं, आणि बॉर्डर पार्श्वभूमीइतकीच पारदर्शक झाली. इथे थांबणारे थांबतील आणि त्यांचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही. पण मग बॉर्डरचा आकडा पार्श्वभूमीच्या आकड्याला बांधलेला राहतो. मजकूर शंभर टक्के अपारदर्शक आणि काठ चाळीस, हे त्याने होत नाही. बॉर्डरचा स्वतःचा आकडा हवा होता, म्हणजे नवीन फ्रेम पॅरामीटर. मी त्याला 'बॉर्डर-अल्फा' म्हटलं.

याच सुमारास माझ्या कॉलेजच्या मित्राचा फोन आला. तो निओव्हिमवाला, म्हणजे दुसऱ्या एका एडिटरचा भक्त. काय चाललंय विचारलं, मी सांगितलं.

"अरे, वॉलपेपर बघायला सी शिकतोयस?"

"शिकत नाहीये, वाचतोय."

"आमच्याकडे विनब्लेंड आहे की कधीचं. एक आकडा द्यायचा, संपलं."

खरं आहे, निओव्हिममध्ये २०१९ च्या ०.४ पासून तरंगत्या विंडो पारदर्शक करण्यासाठी ते आहे. पण निओव्हिम टर्मिनलच्या आत राहतं. टर्मिनलच्या चौकटीत खरी पारदर्शकता नसते, म्हणून निओव्हिम वरचा रंग आणि खालचा रंग स्वतःच मिसळून तिसरा रंग काढतं आणि तो छापतं. खाली त्याचाच मजकूर असतो, त्यामुळे ते जमतं. माझ्या बॉर्डरच्या मागे दुसऱ्याच कोणाची विंडो असते. तिचा रंग ईमॅक्सला माहीतच नसतो. मिसळणारा तिसराच, सगळ्या विंडो एकत्र करून स्क्रीनवर मांडणारा कंपोझिटर. हे मी त्याला सांगितलं तर म्हणाला, "म्हणजे तुमचं काम दुसराच करतो." त्याच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही, पण त्याने एक गोष्ट मात्र लक्षात आणून दिली. विनब्लेंडमध्ये शंभर म्हणजे पूर्ण पारदर्शक, ईमॅक्सच्या अल्फामध्ये शंभर म्हणजे पूर्ण अपारदर्शक. मी अल्फाचीच दिशा ठेवली. एकाच एडिटरात दोन आकडे उलट्या दिशांनी चालले तर लोक शिव्या देतील.

अल्फा-बॅकग्राउंड दोन प्रकारचे आकडे घेतं: ० ते १०० मधला पूर्णांक, किंवा ०.० ते १.० मधला अपूर्णांक. माझ्या पॅरामीटरलाही तेच नियम लावले. काहीच दिलं नाही, म्हणजे 'निल', तर आज दिसतं तसंच दिसायला हवं. हा 'निल' सर्वांत महत्त्वाचा. जगात कितीतरी लोकांनी आपापल्या सेटिंगमध्ये बॉर्डरला रंग दिलेला असणार. आवृत्ती बदलल्यावर त्यांची बॉर्डर आपोआप फिकी होणं कोणी खपवून घेणार नाही. किमान मर्यादा घालावी का, याचाही विचार केला. नाही घातली. बॉर्डर पूर्ण अदृश्य झाली तरी मजकूर जागेवर असतो, हरवण्यासारखं काही नाही. फक्त एक गंमत होते: न दिसणारी बॉर्डर माउसला मात्र जाणवत राहते. तिच्यावर क्लिक केलं तर तो क्लिक मागच्या विंडोला जात नाही, ईमॅक्सलाच मिळतो.

आता तक्ते. ईमॅक्समध्ये फ्रेम पॅरामीटरांची एक यादी एका फाइलीत आहे, आणि प्रत्येक प्लॅटफॉर्मच्या फाइलीत त्या यादीला जुळणारी दुसरी यादी, हे पॅरामीटर बदललं तर कोणतं फंक्शन बोलवायचं याची. दोन्ही याद्या फक्त क्रमाने जोडलेल्या आहेत, नावाने नाही. पहिल्या यादीत सदतिसाव्या जागी जे असेल त्याला दुसऱ्या यादीतलं सदतिसावं फंक्शन मिळणार. मधे कुठे नवीन ओळ घातली आणि एखाद्या प्लॅटफॉर्मच्या यादीत घालायची राहिली, तर तिथे त्यापुढचं प्रत्येक पॅरामीटर शेजाऱ्याचं फंक्शन बोलवायला लागेल. कंपायलर हूं की चूं करणार नाही, कारण सगळी फंक्शनं एकाच साच्याची. म्हणून नवीन नोंद सगळ्या याद्यांच्या शेवटी, आणि एकाच कमिटमध्ये, म्हणजे गिटमध्ये एकत्र जतन केलेल्या बदलात. जिथे सोय करता येत नाही तिथे शून्य लिहायची पद्धत आहे. शून्य दिसलं की ईमॅक्स गप्प बसतं. मॅकच्या आणि विंडोजच्या यादीत मी शून्यच लिहिलं. ज्या यंत्रावर चालवून पाहता येत नाही तिथे शहाणपण करू नये.

मग फ्रेमच्या स्ट्रक्चरमध्ये आकडा साठवायला जागा. इथे एक बारकावा आहे. नवीन फ्रेमसाठी मेमरी मिळते ती शून्यांनी भरलेली, आणि अल्फाच्या भाषेत शून्य म्हणजे पूर्ण पारदर्शक. त्यामुळे फ्रेम तयार होताना सुरुवातीचा आकडा आठवणीने भरावा लागतो. नेहमीच्या फ्रेमसाठी ही भराभरी एका फंक्शनात होते. टूलटिपची छोटी फ्रेम मात्र स्वतःच्या वेगळ्या फंक्शनातून जन्माला येते, आणि तिथे वेगळं सांगावं लागतं. अल्फा-बॅकग्राउंडची नोंद दोन्हीकडे पाहिली तेव्हा हे कळलं. जुन्या कोडमध्ये नवीन काही घालायचं असेल तर मला ही युक्ती सर्वांत भरवशाची वाटते: आपल्यासारखंच दिसणारं एखादं आधीचं पॅरामीटर धरायचं आणि ते जिथे जिथे आहे तिथे तिथे जाऊन यायचं.

एवढं झाल्यावर रंगाची ओळ. पीजीटीकेमध्ये चित्रं कैरो लायब्ररी काढते. लाल, हिरवा, निळा आणि अल्फा असे चार आकडे तिला दिले की झालं. त्याच्याजवळच, पारदर्शक रंग लावण्यापूर्वी, आणखी एक ओळ असते: ऑपरेटर 'सोर्स' ठेवा. ही कशाला, म्हणून मी ती काढून पाहिली, आणि या सगळ्या उद्योगातली सर्वांत मजेशीर गोष्ट पाहायला मिळाली.

कैरोचा नेहमीचा ऑपरेटर 'ओव्हर', म्हणजे आधी जे आहे त्याच्यावर हे टाका. बॉर्डरसाठी ईमॅक्स चार पट्ट्या भरतं: वरची आणि खालची पूर्ण रुंदीची, डावी आणि उजवी पूर्ण उंचीची. चारही कोपरे दोनदा रंगतात. रंग अपारदर्शक असेल तर दोनदा काय, दहादा रंगवा. पण अल्फा ०.५ असेल तर पहिल्या वेळी अर्धं झाकलं जातं, दुसऱ्या वेळी उरलेल्या अर्ध्याचं अर्धं, म्हणजे ०.७५. कोपरे गडद चौकोन होऊन उठून दिसायला लागले. पुढे फ्रेम पुन्हा रंगवली गेली की सगळीच बॉर्डर आणखी गडद, ०.८७५, आणि तशीच वर. भिंतीला चुन्याचे हात देत जावेत तशी ती हळूहळू भरत गेली आणि थोड्या वेळाने पारदर्शकता नावालाही उरली नाही.

त्याहून विचित्र म्हणजे मोडलाइनच्या (विंडोच्या तळाशी असणाऱ्या माहितीच्या ओळीच्या) शेजारी, बॉर्डरमध्ये, एक छोटा तुकडा बाकीच्यापेक्षा लवकर गडद होत होता. कारण शोधलं. बॉर्डर एकाच ठिकाणाहून रंगत नाही. पूर्ण फ्रेम नव्याने काढताना एक फंक्शन चारही बाजू भरतं. त्याशिवाय, विंडो बंद झाली किंवा बदलली तर मोडलाइनसारख्या पूर्ण रुंदीच्या ओळीचे जुने अवशेष बॉर्डरमध्ये राहू नयेत म्हणून ओळ बदलणारं दुसरं फंक्शन तेवढ्याच उंचीचा तुकडा परत भरतं. मोडलाइनच्या शेजाऱ्याला त्यामुळे जास्तीचा रंग मिळत होता. 'सोर्स' परत ठेवलं की हे सगळं मिटतं, कारण त्याचा अर्थच, इथे आधी काय होतं ते विसरा, हे चार आकडे जसेच्या तसे ठेवा. कितीदाही भरा, उत्तर तेच. पीजीटीकेमध्ये दोन्ही ठिकाणं रंग भरायला तेच छोटं फंक्शन वापरतात, म्हणून बदल एकदाच करावा लागला. एक्स११ मध्ये दोन्हीकडे हात घालावा लागला.

एक्स११ चं प्रकरण एकूणच वेगळं. तिथे पारदर्शकता पाहिजे तर विंडो ३२ बिटांची हवी, नेहमीचे २४ रंगाचे आणि ८ अल्फाचे. २९ व्या आवृत्तीपासून ईमॅक्स तशी विंडो मिळत असेल तर घेतं. रंग भरायला एक्सरेंडर हा एक्स११ चा जोडभाग आहे, पण त्याला रंग आधीच अल्फाने गुणून द्यावा लागतो. कैरोला लाल २५५ आणि अल्फा ०.४ असं सरळ सांगता येतं, गुणाकार ती स्वतः करते. एक्सरेंडरला लाल १०२ असं गुणून द्यायचं. शिवाय त्याचे आकडे २५५ पर्यंत नसून ६५,५३५ पर्यंत जातात. गुणलं नाही तर मागचा रंग आणि हा रंग यांची नुसती बेरीज होते आणि बॉर्डर ट्यूबलाइटसारखी भगभगते. अल्फा-बॅकग्राउंडसाठी हा गुणाकार आधीच लिहिलेला होता. त्यात कोणता अल्फा वापरायचा एवढं बाहेरून सांगण्याची सोय मी केली.

इतकं करूनही एक्स११ वर बॉर्डरच्या जागी कधी काळं, कधी मघाच बंद केलेल्या विंडोचा तुकडा. मजकुराला अल्फा-बॅकग्राउंड ९९ दिलं की सगळं व्यवस्थित. शंभरवर नेलं की पुन्हा कचरा. ९९ आणि १०० मध्ये डोळ्याला फरक दिसत नाही, तेव्हा भानगड रंगाची नव्हती. ईमॅक्स कंपोझिटरला एक निरोप देतं, 'ओपेक रीजन': माझा एवढा भाग अपारदर्शक आहे, त्याच्या मागचं काढण्याचे कष्ट घेऊ नका. विजेची आणि वेळेची बचत होते, म्हणून ही सोय आहे. वेलँडच्या प्रोटोकॉलमध्येही ती आहे. हा निरोप लिहिणारं फंक्शन फक्त अल्फा-बॅकग्राउंड एकपेक्षा कमी आहे का ते पाहत होतं. ते एक असेल तर सांगायचं, अख्खी फ्रेम अपारदर्शक. माझी बॉर्डर पारदर्शक, आणि ईमॅक्स स्वतःच्या तोंडाने सांगतंय की मागे काही काढू नका. कंपोझिटरने ऐकलं, यात त्याचा काय दोष?

दुरुस्तीला दोन वाटा होत्या. बॉर्डर-अल्फा कमी असेल तर काहीच अपारदर्शक नाही असं सांगून मोकळं व्हायचं, किंवा बॉर्डर वगळून आतला चौकोन तेवढा अपारदर्शक सांगायचा. दुसरी वाट जास्त बरोबर, कारण मजकुराचा मोठा चौकोन खरंच अपारदर्शक असतो आणि कंपोझिटरचे तेवढे कष्ट वाचतात. पण मग डिव्हायडरही पारदर्शक असतात, ते त्या चौकोनाला मधेच कापतात, आणि विंडोंची मांडणी बदलली की दर वेळी हिशेब नव्याने. मी पहिली वाट घेतली. आळस म्हणा.

डिव्हायडरमध्ये नवं शिकण्यासारखं थोडंच होतं. पट्टी तीन पिक्सेल किंवा त्याहून रुंद असेल तर तिचा पहिला आणि शेवटचा पिक्सेल वेगळ्या फेसच्या रंगाने भरतात, उठाव यावा म्हणून. म्हणजे एका पट्टीसाठी तीन चौकोन, तिन्हींना तोच अल्फा. डिव्हायडर चालू नसेल तर दोन विंडोंच्या मधे एक पिक्सेलची रेघ असते, 'व्हर्टिकल-बॉर्डर'. तिला हात लावला नाही. एका पिक्सेलमधून कोणाला काय दिसणार आहे!

बरोबर झालं की नाही हे नुसत्या डोळ्यांनी ठरवत बसलो असतो तर कधीच ठरलं नसतं. रात्री एक वाटतं, सकाळी उजेडात दुसरं. म्हणून मागे पूर्ण लाल रंगाची विंडो ठेवली, बॉर्डरला पूर्ण निळा दिला, बॉर्डर-अल्फा ६०. हिशेबाने लाल १०२, हिरवा ०, निळा १५३ यायला हवा. ग्रिमने स्क्रीनशॉट घेतला, गिम्पमध्ये कलर पिकर लावला. तेच आकडे, चारही बाजूंना, चारही कोपऱ्यांत, मोडलाइनच्या शेजारीही. ईमॅक्सच्या स्वतःच्या चाचण्या बहुतांशी स्क्रीनशिवाय, बॅच मोडमध्ये चालतात. पिक्सेल तपासण्यासाठी तिथे काही मिळालं नाही. पॅरामीटरला १५० किंवा अक्षरं दिली तर नीट नकार मिळतो का, एवढीच चाचणी लिहिता आली.

यानंतरचं काम लिस्पमधलं आणि निव्वळ मौजेचं. आकडा दर वेळी आज्ञा देऊन बदलणं म्हणजे सरकारी काम. ईमॅक्समध्ये बॉर्डरवर माउस असेल तर येणाऱ्या इव्हेंटला बाजूचं नाव मिळतं: डावी कड, वरची कड, कोपरे असतील तर त्यांचंही. त्यासाठी 'ड्रॅग-इंटर्नल-बॉर्डर' हे पॅरामीटर चालू असावं लागतं. ते मुळात कड ओढून फ्रेमचा आकार बदलण्यासाठी आहे. ते चालू केलं आणि कडेवरच्या चाकाच्या इव्हेंटला माझी छोटी आज्ञा जोडली. बॉर्डरवर माउस न्यायचा, चाक वर फिरवलं की गडद, खाली फिरवलं की फिकी. मजकुरावर चाक नेहमीसारखं स्क्रोल करतं. चारही बाजू आणि चारही कोपरे वेगवेगळे जोडावे लागले, ते एका लूपमध्ये उरकलं. घरी दाखवलं तर बायको म्हणाली, "हे छान आहे, पण आधी असं का नव्हतं?" याचं उत्तर माझ्याकडे नाही. तिला चाक फिरवायला मात्र आवडलं.

चाइल्ड फ्रेमची हौस कमी केली. २०१८ च्या २६ व्या आवृत्तीपासून एका फ्रेमच्या आत दुसरी छोटी फ्रेम ठेवता येते. शब्दपूर्तीची यादी दाखवणारी काही पॅकेजं हेच वापरतात. तिची बॉर्डर 'चाइल्ड-फ्रेम-बॉर्डर' या वेगळ्या फेसने रंगते. पण एक्स११ वर कंपोझिटर फक्त सर्वांत बाहेरच्या विंडोला ओळखतो. आतल्या फ्रेमची कड पारदर्शक केली तर तिच्यातून खालचा मजकूर दिसत नाही, थेट मागचा डेस्कटॉप दिसतो, जणू ईमॅक्सला भोक पडलंय. म्हणून चाइल्ड फ्रेम असेल तर एक्स११ वर बॉर्डर-अल्फाकडे दुर्लक्ष करायचं ठरवलं आणि तसं मॅन्युअलमध्ये लिहिलं.

मॅन्युअल लिहिणं हा ईमॅक्समध्ये कोडचाच भाग आहे. लिस्प रेफरन्सच्या फ्रेमच्या प्रकरणात टेक्सइन्फो या फॉरमॅटमध्ये नोंद, नव्या गोष्टींच्या 'न्यूज' फाइलीत नोंद, आणि त्या नोंदीच्या डोक्यावर तीन अधिक चिन्हं, म्हणजे मॅन्युअलही बदललंय. तीन उणे चिन्हं असतील तर मॅन्युअल बदलायची गरज नाही असा अर्थ. इंग्रजी वाक्य संपलं की दोन स्पेस. कमिटच्या मजकुरात कोणत्या फाइलीतल्या कोणत्या फंक्शनात काय बदललं ते जुन्या चेंजलॉगच्या पद्धतीने ओळीने लिहायचं. ओळ ७८ अक्षरांपुढे गेली तर गिटचा हुक, म्हणजे आपोआप चालणारी तपासणीच, अडवतो. इतर प्रकल्पांच्या सवयीने 'साइन्ड-ऑफ-बाय' घातलंत तर तेही अडवतो. सुरुवातीला हे जाचक वाटतं. मोडलाइनशेजारच्या तुकड्याचं कारण मला याच चेंजलॉगमधून सापडलं, त्यामुळे मी तक्रार करणार नाही.

आणि शेवटी कागद. ईमॅक्समध्ये साधारण १५ ओळींपर्यंतचा बदल कागदपत्रांशिवाय चालतो. त्याहून मोठा असेल तर आपल्या कोडचा कॉपीराइट फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनच्या नावे करावा लागतो, म्हणजे कोणी लायसन्स मोडलं तर फाउंडेशनला कोर्टात उभं राहता येतं. माझा बदल १५ ओळींच्या कितीतरी पुढे गेलेला. तक्त्यांतच निम्म्या ओळी खर्ची पडलेल्या. माझ्या बाजूने सही करणं सोपं आहे. नोकरदार माणसाचं मात्र कंपनीशी झालेलं करारपत्र पाहावं लागतं, कारण अनेक करारांत फावल्या वेळात लिहिलेल्या कोडवरही कंपनीचा हक्क असतो, आणि मग कंपनीकडून या कोडवर आमचा दावा नाही असं पत्र लागतं. आमच्या कायदा विभागात हा अर्ज गेल्यावर तिथल्या बाईंनी विचारलं, "सर, यातून कंपनीला किंवा तुम्हाला किती पैसे मिळणार आहेत?" काहीच नाही म्हटल्यावर त्या म्हणाल्या, "मग परवानगी कशाची मागताय?" मी परत एकदा, चित्र काढून समजावलं. फाइल सध्या त्यांच्या टेबलावर आहे.

पत्र मिळेपर्यंत पॅच पाठवणार नाही. तोवर तो माझ्या शाखेत आहे; मुख्य शाखा पुढे सरकली की त्याच्यावर पुन्हा बसवून घेतो. भांडण बहुतेक त्या क्रमाच्या याद्यांमध्येच होतं, कारण नवं पॅरामीटर आणणारा प्रत्येक जण शेवटीच नोंद घालतो. अंधाऱ्या थीमवर बॉर्डर ३५ ठेवतो, उजेडाच्या थीमवर ७० च्या आसपास. त्याहून कमी केली तर मजकुराच्या पांढऱ्या चौकोनाभोवती फार वर्दळ दिसते. आतला चौकोन तेवढा अपारदर्शक सांगण्याची ती दुसरी वाटही अर्धी लिहून ठेवली आहे, डिव्हायडरपर्यंत येऊन थांबलेली.